कोऱ्या पानावरून वाचलेला शेवट

नरहरराव अंबडकर सिनेमाला जायचे ते पिशवीत कादंबरी घेऊन. कुणाला वाटेल, मध्यंतरात वाचायला. छे! ताळा करायला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आवक-जावक जुळल्याशिवाय खुर्चीतून उठायचा नाही. त्यांच्या लेखी कादंबरी ही आवक आणि सिनेमा ही जावक. जे आत आलं ते जसंच्या तसं बाहेर गेलं पाहिजे. आणि सिनेमावाल्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही जुळू दिलं नव्हतं.

एका कादंबरीतली नायिका काळीसावळी, दात जरा पुढे आलेले. पडद्यावर आली ती दुधात न्हाऊन. दुसरीतलं गाव दुष्काळी, माणसं पाण्यासाठी कोसभर चालणारी. सिनेमात त्या गावाला नारळाची झाडं. तिसरीतला म्हातारा मरेपर्यंत लेकाची माफी मागत नाही, अख्ख्या पुस्तकाची गोम तीच. सिनेमात त्यानं चक्क गाणं म्हणत माफी मागितली. त्या वेळी जालन्याच्या थिएटरात नरहरराव अंधारात उभे राहून ‘पान एकशे बारा बघा’ असं ओरडले होते आणि मागच्या माणसानं त्यांना सदरा धरून खाली बसवलं होतं. त्यांच्या पत्नी रजनीताई म्हणायच्या, "तुम्ही सिनेमा बघायला जाता की तपासणीला?" पण पुढच्या कादंबरीवर सिनेमा निघतोय असं पेपरात आलं की हेच गृहस्थ पुन्हा ती कादंबरी काढायचे, महिनाभर वाचायचे, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या आठवड्यात हजर. माणूस एवढ्यांदा फसूनही कसा शहाणा होत नाही, ते नरहररावांकडे बघून शिकावं.

तर अशा या माणसाला यंदा पहिल्यांदाच वाटत होतं की सिनेमावाल्यांनी कादंबरीचं पार मातेरं केलेलं असावं. नायिकेला नाचवा, गावात समुद्र आणा, काय हवं ते करा. फक्त शेवट बदला.

कादंबरी होती ‘सगुणेची बारव’. लिहिणारा परतूरकडचाच, केव्हाच वारलेला, हयातीत कुणी फारसं न वाचलेला. आणि हा सिनेमा बघायला गोजरबाई निघाली होती.

गोजरबाईला वाचता येत नाही. पण बदनापुरात तिच्याएवढ्या कादंबऱ्या कुणाच्या डोक्यात नसतील, आणि त्या तिथं घातल्या नरहररावांनी. ती संशोधन केंद्रात रोजंदारीवर होती. बियाण्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका बसून तुरीचं बियाणं हातानं निवडायच्या. फुटका, किडका दाणा बाजूला काढायचा, एवढंच काम दिवसभर. एकदा दुपारच्या सुट्टीत नरहरराव तिथं डबा खात पुस्तक वाचत बसले होते. गोजरबाई म्हणाली, "भाऊसाहेब, गुपचूप काहून वाचून राह्यले? आमालाबी ऐकू द्या की." तेव्हापासून पाठच पडला. दुपारची भाकरी झाली की अर्धा तास वाचन. अशा वर्षाला दोन-तीन कादंबऱ्या व्हायच्या.

बायकांनी अट मात्र एक घातली होती. श्रावणात गावात पोथी लागते तेव्हा वाचणारा वाईट जागी उठत नाही. कुणी मेलं, कुणी वनवासाला गेलं, अशा ठिकाणी पोथी बांधली तर ते अशुभ आपल्या मागं घरी येतं म्हणतात. म्हणून चार ओव्या जास्त, पण काहीतरी बरं घडेपर्यंत वाचायचं आणि मगच पोथी मिटायची. बायकांनी हाच कायदा कादंबरीला लावला. नरहररावांना आधी हसू आलं, मग सवय झाली. एखाद्या दिवशी पुस्तकात इतकी दुःखं पाठोपाठ यायची की सुट्टी संपून वीस मिनिटं होऊन जायची आणि शेडवरचे साहेब दारातून आवाज द्यायचे, तरी हे आपले बऱ्या जागेच्या शोधात पानं उलटतायत.

‘सगुणेची बारव’ त्यांनी वाचली त्याला पंधरा वर्षं झाली. सगुणा सासरी छळली जाते. ती माहेरी निरोप धाडते, आई उद्या-परवा करते, पीक काढायचंय म्हणते. शेवटी सगुणा गावाबाहेरच्या बारवेच्या पायऱ्या उतरत पाण्यात जाते. दुसऱ्या दिवशी आई पोचते तेव्हा काठावर माणसं जमलेली असतात. कादंबरी तिथंच संपते. पुढं ओळ नाही. पुढं नुसती तीन कोरी पानं आणि मागचा पुठ्ठा.

ते शेवटचं प्रकरण दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आलं. समोर गोजरबाई बसलेली. तिची लेक शालू परतूरला दिलेली, दोनदा मार खाऊन माहेरी आलेली आणि दोनदा नातेवाइकांनी समजूत घालून परत पोचवलेली. वाचता वाचता नरहररावांनी मान वर केली तर गोजरबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलेलं. एकही बाई हलेना. सगुणा नवव्या पायरीवर पोचली होती. पुढचं वाक्य डोळ्यांना दिसत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. हे वाचून उठायचं कसं? मग नरहररावांनी पान उलटलं आणि कोऱ्या पानावरून वाचायला सुरुवात केली. सगुणेला पाण्यात आपलं तोंड दिसलं. ती थबकली. मागं वळली, एकेक पायरी चढत वर आली आणि उजाडायच्या आत माहेरच्या दारात उभी राहिली. आवाज जराही कापला नाही. आवकेतली एक ओळ इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस, कोऱ्या कागदावरून घडाघडा वाचत गेला. बायकांनी डोळे पुसले, कुणीतरी हात जोडले आणि सगळ्या सुट्टीला गेल्या.

त्यानंतर शिमग्याला गोजरबाई परतूरला जाऊन शालूला लेकरासकट घेऊनच आली. कायमची. ज्याला त्याला सांगायची, "सगुणा आली तशी माझी शालू आली." नरहरराव ते ऐकून मनातल्या मनात ताठ झाले. का खोटं बोला? एवढ्या वर्षांत त्यांनी आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी तोंडानं नोकरी सांगितली असती आणि मनात त्या कोऱ्या पानांचं नाव घेतलं असतं. शालूनं पुढं स्टेशन रोडला शिवणकामाचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकानं डाव्या बाजूनं हाक मारली तर तिला कळत नसे, तो कान गेला होता. पण दुकान चांगलं चाललं, पोरगी शिकली. नरहररावांनी मात्र त्याच वर्षी गावच्या वाचनालयातली ‘सगुणेची बारव’ची एकुलती एक प्रत घरी आणून कपाटात कुलूपबंद केली. गहाळ म्हणून नोंद केली तीही स्वतःच्या अक्षरात, कारण वाचनालयाचे मानद चिटणीस तेच.

आणि आता ती पोरगी, प्रियदर्शनी, अकरावीला जालन्याला जाते-येते. तिनं एका रविवारी सकाळी येऊन सांगितलं, "आजोबा, तीन तिकिटं काढली मोबाइलवर. तुम्ही, मी आन् आजी. आजी म्हणली, भाऊसाहेबाबिगर मला त्यातलं कळायचं न्हाई."

नरहररावांनी कपाटाकडे पाठ केली. "मला बरं नाही आज," ते म्हणाले.

"कालच तर तुम्ही वाचनालयात ठणठणीत बसून राह्यलते," पोरगी म्हणाली. "पुस्तकच द्या न्हाई तर. मी तरी वाचते."

"ते गहाळ आहे."

"मंग चला."

रजनीताई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांना कपाटातलं पुस्तक माहीत होतं. कोरी पानं माहीत नव्हती. त्यांनी इस्त्रीचा सदरा आणून पुढ्यात टाकला. आता न जाण्याचंही काही कारण उरलं नाही, आणि मनात आलं, आपण नसताना गोजरबाईनं तो शेवट बघितला तर? निदान शेजारी तरी असावं. नरहरराव निघाले. आयुष्यात पहिल्यांदा पिशवीत कादंबरी नव्हती.

जालन्याच्या पॅसेंजरमध्ये गोजरबाई खुशीत होती. नऊवारी कोरी, डोक्यावर पदर, हातात शेंगदाण्याची पुडी. "भाऊसाहेब, ती वर येते तो सीन बराबर घेतला आसंल का हो? तिला पाण्यात तोंड दिसतं त्यो?"

"सिनेमावाल्यांचं काही सांगता येत नाही," नरहरराव म्हणाले. "ते मनाला येईल ते करतात. आपण मनावर घेऊ नये."

"घेतला न्हाई तर मी तिथंच बोलीन," गोजरबाई म्हणाली आणि त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. ते त्यांनी तसेच खिशात घातले.

सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला नरहररावांच्या लक्षात आलं की घात झाला. सिनेमा चांगला होता. चांगला म्हणजे किती? ज्याची ते तीस वर्षं वाट बघत होते तितका. सगुणा कादंबरीत होती तशीच, रापलेली, हनुवटीवर गोंदण. माणसं आपल्याकडची बोली बोलत होती. सासूच्या तोंडचं वाक्य आलं ते सदतिसाव्या पानावरचं, शब्दाला शब्द. निरोप घेऊन जाणारा माणूस कादंबरीत लंगडा होता, तो पडद्यावरही लंगडत गेला. एरवी नरहररावांनी आनंदानं शेजारच्याचा हात दाबला असता. आज ओळखीची एकेक गोष्ट समोर येत होती आणि ते खुर्चीत खाली खाली सरकत होते. हे लोक काहीच बदलत नव्हते. कुणीतरी कादंबरी मांडीवर घेऊनच सिनेमा काढला होता. ते मनात घोकत होते, एक गाणं घाला रे बाबांनो, एखादा तरी खोटा माणूस आणा. ज्या थिएटरात त्यांनी सिनेमावाल्यांना इतके शिव्याशाप दिले, तिथंच ते आज त्यांच्यापुढं पदर पसरून बसले होते.

मध्यंतरात प्रियदर्शनी वडे आणायला गेली. नरहरराव गोजरबाईला म्हणाले, "माझं डोकं दुखतंय. आपण निघू या का? पुढचं तुम्हाला माहीतच आहे."

"म्हणून तर बसले," ती म्हणाली. "आता तर खरं हाय."

तेव्हाच सांगायचं होतं. तिला बाजूला नेऊन, दोन वाक्यांत. नरहररावांनी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली, "शालूला बी आणायला पाह्यजे व्हतं. पण तिला दुकान सोडवना." आणि शालूचं नाव निघाल्यावर त्यांनी तोंड मिटलं. दिवे मालवले गेले.

बारव आली. नरहररावांनी पडद्याकडे बघायचं सोडून गोजरबाईकडे बघायला सुरुवात केली. सगुणा एकेक पायरी उतरत होती आणि गोजरबाईचे ओठ हलत होते. ती पायऱ्या मोजत होती. नवव्या पायरीवर ती पुढं झुकली, हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. तिला पाण्यात दिसणारं तोंड बघायचं होतं. पडद्यावर पाणी हललं. मग नुसतं पाणी. मग सकाळ, काठावर माणसं, आणि डोक्यावर गाठोडं घेऊन लगबगीनं येणारी आई. गर्दी बघून तिची चाल मंदावते, एवढ्यावर सिनेमा संपला.

थिएटरात हुंदके ऐकू येत होते. गोजरबाई रडली नाही. ती उभी राहिली आणि तडक बाहेर निघाली. नरहरराव तिच्या मागोमाग जिना उतरत होते, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत.

खाली दारात नागसेन नावाचा एक तिशीतला गडी हातात माइक घेऊन उभा होता. जालन्यातल्या बातम्यांचं त्याचं यूट्यूब चॅनल आहे, नवा सिनेमा लागला की तो लोकांना विचारत फिरतो. गोजरबाईचा चेहरा बघून त्यानं माइक तिच्यापुढंच धरला.

"कसा वाटला मावशी पिक्चर?"

"खोटा हाय," गोजरबाई म्हणाली. आवाज सबंध व्हरांड्यात गेला. "बिलकुल खोटा. पुस्तकात ती मरत न्हाई. वर येती. माहेरी जाती. लिवणारानं लिवून ठिवलं आन् ह्यांनी पोरीला बुडवलं. लोकाला रडवून काय भेटलं ह्यांना?"

माणसं थांबली. कुणीतरी ‘असं आहे का?’ म्हणालं. गोजरबाईनं वळून नरहररावांच्या दंडाला धरलं. "ह्यांना इचारा. ह्यांनी वाचलंय."

माइक नरहररावांच्या तोंडासमोर आला. "काका, पुस्तकात शेवट वेगळा आहे?"

तीस वर्षं हा माणूस वाट बघत होता की कुणीतरी आपल्याला हे विचारावं. पुस्तकात काय होतं आणि सिनेमात काय केलं, हे चारचौघांत, मोठ्यानं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक ‘हो’ आणि गोजरबाईची सगुणा जिवंत राहिली असती, नरहररावांची अब्रू राहिली असती. बिघडलं असतं कुणाचं? त्या सिनेमावाल्यांचं, ज्यांनी कधी नव्हे ते इमानदारीनं काम केलं होतं. आणि परतूरकडच्या त्या मेलेल्या लेखकाचं, ज्याचं पुस्तक त्यांनी एकदा कोऱ्या पानांखाली आणि एकदा कुलपात पुरलं होतं. आता तिसऱ्यांदा?

"सिनेमा खरा आहे," नरहरराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की नागसेननं माइक आणखी पुढं केला. "शब्द न् शब्द खरा. सगुणा पुस्तकात मरते. आई उशिरा येते. या बाईंना मी वाचून दाखवलं तेव्हा शेवट मी बदलला. त्यांची काही चूक नाही."

दंडावरचा हात सुटला. प्रियदर्शनी आजीकडे आणि आजोबांकडे आळीपाळीनं बघत राहिली. नागसेननं माइक खाली घेतला. असं काही त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

स्टेशनवर पॅसेंजरला अजून अर्धा तास होता. गोजरबाई बाकाच्या एका टोकाला, नरहरराव दुसऱ्या टोकाला, मध्ये पोरगी. तिला आजीनं पाणी आणायला धाडलं. मग नरहरराव बोलू लागले. बायकांची अट, सूप थांबलं होतं ते, समोर तुम्ही बसला होता, माझी जीभ रेटेना, सगळं सांगितलं. आणि शेवटी, इतकी वर्षं मनात जपलेलं तेही सांगून टाकलं, कारण तेवढाच एक आधार होता. "खोटं वाचलं, मान्य. पण त्यामुळं शालू घरी आली. खरं वाचलं असतं तर तुमचा धीरच गेला असता. मला तेवढं तरी समाधान आहे."

गोजरबाई रुळांकडे बघत होती. "त्या दिवाळीच्या आधी शालूचा निरोप आल्ता," ती म्हणाली. "आई, मला घिऊन जा, म्हणून. मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोनदा माघारी घातलेली पोर, तिसऱ्यांदा आणावं का न्हाई, मन मागंपुढं व्हत व्हतं. मंग तुमी वाचलं. सगुणा आपल्या पायानं वर आली. मला लई बरं वाटलं, भाऊसाहेब. म्हणलं, माझी बी यील. तिला बी अक्कल हाय, पाय हायेत. मी थांबले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याला तिच्या शेजारणीचा फोन आला तव्हा गेले. कान माघातच गेल्ता तिचा."

 त्या कानाबद्दल नरहररावांनी कधी विचारलंच नव्हतं. तो आधीच्या मारात गेला असेल असं ते धरून चालले होते.

"खरं वाचलं असतं," गोजरबाई म्हणाली, "तर मी त्याच दिवशी परतूरची गाडी धरली असती. घरीसुद्धा गेले नसते. लिवणारानं तेच लिवलं व्हतं ना? की जल्दी जा म्हणून?"

"हो," नरहरराव म्हणाले. "तेच लिहिलं होतं."

पोरगी पाण्याची बाटली घेऊन आली. गाडी आली. तिघं एकाच डब्यात चढली. नरहररावांना वाटत होतं, गोजरबाईनं ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, निदान रडावं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती, हात मांडीवर ठेवून.

बदनापूरला उतरल्यावर प्लॅटफॉर्मच्या टोकाशी ती थांबली. पोरीला पुढं जाऊ दिलं. "शालूला मी सांगणार न्हाई," ती म्हणाली. "ती आजबी समजती, आईला यायला जमलं न्हाई, गाडीभाडं नसंल, काम आसंल. तिनं मला कधी इचारलं न्हाई. तिला तुमी सांगा."

"आत्ता?"

"दुकान उघडं आसंल," गोजरबाई म्हणाली आणि पदर सारखा करून पोरीच्या मागं निघाली.

 नरहरराव स्टेशनच्या बाहेर येऊन, घराचा रस्ता सोडून, स्टेशन रोडला लागले. शालूचं दुकान लांबूनच दिसत होतं. ती मशीनवर वाकून बसली होती. नरहरराव दारापाशी पोचले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले, म्हणजे तिला सगळं नीट ऐकू जाईल.